पाडा किंवा राखा, पण आधी बघा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात, आमच्या पेठेतल्या एका वाड्याची रस्त्याकडची भिंत पहाटे बसली. आमच्याकडे 'बसली' असंच म्हणतात. कोसळली म्हटलं की आवाज आला, आणि ही भिंत खरोखरच फारसा आवाज न करता भिजल्या पोत्यासारखी खाली बसली. माणूस दगावलं नाही. आठ वाजेपर्यंत गल्लीत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, हे जुने सांगाडे एकदाचे पाडून टाका, कुणाचा जीव गेल्यावर जागे होणार काय? दुसरा म्हणत होता, हा शाहूंच्या नगरीचा वारसा आहे, वीट हलवाल तर याद राखा. दुपारपर्यंत भांडण मोबाईलवर गेलं आणि तिथं त्याला जोर चढला. तिसऱ्या दिवशी त्यात एक वाक्य आलं. रविवारी सकाळी वह्या घेऊन बोळाबोळांत दारं-खिडक्या रेखाटत बसणारे आम्ही चार-पाच रिकामटेकडे आहोत, आमच्यासाठी ते होतं: "लोकांची घरं पडालीत आन् ह्यास्नी चित्रं सुचालीत."

वाक्य बेताचंच, पण लागायचं तिथं लागलं. तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं तर मीही एका तटात जाऊन बसलो असतो. म्हणून आठवडाभर गप्प राहिलो आणि एक उद्योग केला. दोन्ही तटांतले जे जे भेटतील त्यांना एकच प्रश्न विचारला: जी भिंत बसली, तिला वरच्या मजल्यावर खिडक्या किती होत्या? वारसावाल्यांनी तीन सांगितल्या, चार सांगितल्या, एकानं ठासून सहा सांगितल्या. पाडावाल्यांचे आकडेही तेच, फक्त माणसं वेगळी. खिडक्या पाच होत्या. यातला प्रत्येक जण तीस-चाळीस वर्षं त्या भिंतीखालून दूध आणायला जात होता.

तेव्हा माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरं पडायला लागली आहेत म्हणूनच चित्रं काढायला हवीत. या शहरात जुन्या बांधकामांवरून जो वाद चालतो तो इतका पोकळ असतो, कारण ज्या वस्तूवरून भांडण आहे ती दोन्ही बाजूंनी धड बघितलेलीच नसते. 'वारसा' हा शब्द एकानं उचलायचा, 'धोकादायक' हा दुसऱ्यानं, आणि मध्ये दार, चौकट, तुळई, जोतं यांतलं काहीच नाही. हातात पेन्सिल घेऊन एखादी लहानशी गोष्ट कागदावर उतरवणं हा मला बघण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कडक मार्ग वाटतो. तो छंद म्हणून राहिला तरी हरकत नाही. पण छंद म्हणून त्याची टिंगल करणाऱ्यांनी आपण स्वतः काय बघून बोलतो ते एकदा तपासावं.

कोल्हापूरकराला बारकावा दिसत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उलट याबाबतीत हे गाव अगदी चिकित्सक आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतं. त्या संध्याकाळी गावात चर्चा कशाची असते? किरणं पायांशीच थांबली, कमरेपर्यंत आली की मुखाला लागली. आडवा ढग आला की एखाद्या इमारतीचा वरचा मजला. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ साली ती ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा घराघरांत इंचाइंचाचा हिशेब चालला होता. खासबागेच्या कुस्ती मैदानात मातीच्या उतारावर बसलेला म्हातारा पन्नास हात लांबून पैलवानाचा पंजा कधी वळला ते सांगतो. आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर कोल्हापुरीच्या वळणाची चप्पल आणली, तेव्हा ती ओळखायला इथं कुणाला भिंग लागलं नाही. अंगठा, पट्टा, कान, वेणी बघून लोकांनी आवाज उठवला, आणि प्रेरणा कुठून घेतली ते त्या कंपनीला कबूल करावं लागलं. ज्याला तपशील पाठ असतो त्यालाच 'हे आमचं' असं ठासून म्हणता येतं. चपलेच्या बाबतीत आम्हाला ते जमलं. मग घराच्या बाबतीत का जमू नये? आपल्याच आळीतल्या चौकटीवरची नक्षी उद्या कुठल्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात दिसली, तर ती ओळखणारे किती निघतील?

आमचा डोळा मोठ्या वास्तूंवर खर्च होतो, हे याचं एक कारण. नवा राजवाडा, टाऊन हॉल, थोरला दवाखाना. तिन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा, आणि काळ्या दगडातलं ते काम बघण्यासारखं आहेच. पाहुणा आला की त्याला आपण १८८४ साली पुरा झालेला राजवाडा दाखवायला नेतो. पण मोठ्या वास्तूकडे बघायची सवय ही बहुधा लांबून बघायची सवय असते. राजवाड्याचं घड्याळ बघितलं, फोटो काढला, झालं. जवळ जाऊन एका खांबाच्या बैठकीशी कुणी थांबत नाही. थोरल्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं तेव्हा समोर टोकदार कमान असते. (तिथं आजारी माणसानं कमान बघावी अशी माझी अपेक्षा नाही. त्याच्याबरोबर आलेल्यानं बघायला हरकत नसावी.) सोप्याचा कठडा, दाराशेजारची पणतीची देवळी, सज्जाखालचे लाकडी हात, पन्हळीचं तोंड ही लहान कामं तर कुठल्याच यादीत येत नाहीत. जे यादीत नाही ते गेलेलंही कळत नाही.

"पण फोटो आहेत की." पहिला आक्षेप हा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फोटो क्षणात निघतो, फुकट निघतो, खोटं बोलत नाही, आणि ज्याला रेघ ओढता येत नाही त्यालाही काढता येतो. हे सगळं मला मान्य आहे. त्याच वाड्याच्या बोळाकडच्या भिंतीत माडीवर एक खिडकी होती. दहा वर्षांत मी तिचे निदान वीस फोटो काढले असतील: तिरपं ऊन पडलेलं, कठड्यावर घोंगडी वाळत टाकलेली, एकदा झोपलेलं मांजर. भिंत बसायच्या आदल्या उन्हाळ्यात एका रविवारी समोरच्या कट्ट्यावर बसून ती पहिल्यांदा वहीत काढली. मधल्या उभ्या पट्टीच्या डाव्या अंगाला नऊ गज आले, उजव्या अंगाला आठ. वाटलं, आपलंच चुकलं. खोडलं, पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ आणि आठ. मग उठून खिडकीच्या अगदी खाली गेलो. उजव्या भागात एका गजाच्या जागी चौकटीला वर आणि खाली लाकडाच्या गुट्ट्या ठोकून भोकं बुजवलेली होती, आणि गुट्टीचं लाकूड चौकटीपेक्षा फिकं होतं.

तेवढ्यात घरातल्या आजी दारात आल्या. "काय काढालायसा हितं?" म्हटलं, "खिडकी काढतोय आजी. एक गज कमी आहे तिचा." आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "धाकट्या दिराचं डोस्कं अडकलं हुतं त्यात. बेंदराचा दिस. समदी खाली बैलं बघाय गेल्याली, आन् ह्यो वर बोंबलतोय. लोहार आणून गज कापला. पुना बसवायचा, बसवायचा म्हणून ऱ्हाऊनच गेलं बघा." ते दीर आता सत्तरीला आलेत आणि बेंदूर आला की घरात त्यांची अजूनही चेष्टा होते.

गोष्ट गोड आहे म्हणून सांगितली नाही. माझ्या वीस फोटोंत सतराही गज होते, अचूक होते, आणि त्यांतला एकही मी पाहिला नव्हता. फोटो काढला की डोळा समजतो, काम झालं. रेखाटताना तसं निसटता येत नाही, कारण प्रत्येक गज हातानं ओढावा लागतो, आणि ओढण्यासाठी तो मोजावा लागतो. मोजल्यावर प्रश्न पडतो. हा प्रश्न पडणं मला चित्रापेक्षा मोलाचं वाटतं. माझं चित्र तसं सुमारच होतं, खिडकी जराशी डावीकडे कलली होती.

असे प्रश्न पडू लागले की जुनं बांधकाम 'सुंदर' किंवा 'जुनाट' राहत नाही, ते बोलायला लागतं. एका घरापुढच्या फरशीवर पागोळ्यांनी पाडलेल्या खळ्यांची रांग मी काढली होती. ती रांग आजच्या वळचणीच्या बरीच अलीकडे, रस्त्याच्या बाजूला होती. म्हणजे छप्पर पूर्वी हातभर पुढं होतं, आणि म्हणजेच भिंतीचा पाया पूर्वी कोरडा राहत होता. पुढचा हातभर भाग कुणी, कधी, कशासाठी कापला? रस्तारुंदी असेल, पत्रे घालताना केलेली काटकसर असेल. पण त्या घराच्या भिंतीला आज ओल का येते याचं उत्तर त्या खळ्यांत होतं. 'ही घरंच कुजकी' म्हणणाऱ्यानं ते बघितलं नव्हतं, आणि 'आमच्या पूर्वजांचं बांधकाम बघा' म्हणणाऱ्यानंही नाही. पंचगंगेच्या बाजूच्या जुन्या घरांची जोती कमरेएवढी उंच का, दारात पाच-पाच पायऱ्या का, हे वहीत उतरवलेल्या माणसाला त्याच गल्लीतल्या नव्या इमारतीचं रस्त्याच्याही खाली गेलेलं पार्किंग बघून काय वाटेल, ते वेगळं सांगायला नको.

आता जरा वरच्या पातळीचा आक्षेप. मोबाईलचं सोडा, आता लेसरनं अख्खी वास्तू मिलिमीटरपर्यंत टिपता येते, तिथं तुमची थरथरती रेघ कशाला? पॅरिसच्या नोत्र दामचं उदाहरण लोक हमखास देतात, आणि ते चांगलं उदाहरण आहे. १५ एप्रिल २०१९ ला त्या चर्चचं छप्पर जळालं. त्याच्या कितीतरी आधी अँड्र्यू टॅलन या कलेतिहासकारानं लेसरनं त्याची मोजणी करून अब्जाहून अधिक बिंदू जमा केलेले होते, आणि पुनर्बांधणीला ते उपयोगी पडले. मोजमापात हाताची रेघ त्याच्यापुढं उभी राहू शकत नाही, वादच नाही. पण त्याच छपराच्या लाकडी सांगाड्याची २०१४ साली दोन वास्तुविशारदांनी हातानं नोंदणी केली होती, वाशावाशापाशी जाऊन, सांधे बघून. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं ते दोन्हींच्या बळावर. लेसरला लाकडाचा पृष्ठभाग कुठं आहे ते कळतं. कुठला सांधा आधी बसवला आणि कुठली खूण सुताराची, हे विचारायला तिथं माणूस चढावा लागतो. शिवाय एक साधी गोष्ट. नोत्र दामला लेसर मिळाला कारण ती नोत्र दाम होती. आमच्या बोळातल्या खिडकीसाठी ते यंत्र कोण आणणार?

"कागदही जळतोच की," असं माझा एक मित्र म्हणाला, आणि त्यानं मला खरोखर निरुत्तर केलं. जळतो. आपल्याच महाराष्ट्रातली कथा आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घ्यायला रॉबर्ट गिल १८४४ पासून बसला. वर्षानुवर्षं खपून त्यानं केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ पासून पुन्हा काम मांडलं. त्यातल्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. दोनदा तोच खेळ. मग ते श्रम वाया गेले का? अर्धे गेले, असंच म्हणावं लागेल. पण त्या भिंतींसमोर बसून ज्यांनी रेघन् रेघ ओढली, त्या पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांचा हात आणि डोळा कुठल्या आगीत जळाला नाही. आमचे चित्रकार आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकले ते याच सुमारास. अजिंठ्याचं वळण त्यांच्यामार्फत कोल्हापुरात आलं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, मी ते म्हणत नाही. एवढंच दिसतं की मुंबईत राहून नाव काढण्याऐवजी ते परत आले आणि रंकाळा, कोटीतीर्थ असं घराजवळचंच पुन्हा पुन्हा बघत राहिले. पुढं बाबूराव पेंटर, मूळचे मिस्त्री घराण्यातले. चित्रं काढता काढता त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला. यंत्र उघडून बघणारा डोळा आणि खिडकी मोजणारा डोळा फार वेगळे नसावेत. कलापूर हे बिरुद आपण मिरवतो ते या लोकांच्या जिवावर. त्यांच्या सवयी मात्र आपण त्यांच्या पुतळ्यांपाशीच ठेवून आलो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उघडलेलं हे पॅलेस थिएटर. सकाळी बघायला गेलो तर खासबागेच्या बाजूला लोक नुसते उभे होते. एक उंचापुरा पैलवान गडी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. त्या दिवसापासून एकच मागणी सगळ्यांच्या तोंडी होती: जसं होतं तसंच उभारा. माझीही तीच होती. पण घरी आल्यावर वही उघडली आणि आठवून काढायला बसलो तर काय आलं? पडदा आला. वरच्या मजल्यावरचा अंधार आला. तिसऱ्या घंटेला होणारी खुर्च्यांची खडखड ऐकू आली. बाल्कनीचा कठडा काढता येईना. त्याचे उभे गज सरळ होते की मध्ये फुगीर? जिन्याच्या पहिल्या पायरीशी काय होतं? शेकडो नाटकं तिथं बघितलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'जसं होतं' म्हणजे कसं होतं हे सांगता येत नव्हतं. फोटो शोधले, तर प्रत्येक फोटोत पुढं नट होता आणि कठडा मागं, धूसर. आराखडे आणि छायाचित्रं तज्ज्ञांच्या हाताशी असतात, ते त्यांवरून त्यांचं काम करतील. माझा मुद्दा त्यांच्याबद्दल नाही. उद्या पडदा उघडल्यावर आपण आत जाऊ तेव्हा 'जसं होतं तसं' झालं की नाही हे ठरवणार कोण? ज्यांनी मागणी केली त्यांनाच ते ठरवता आलं पाहिजे ना?

आता सगळ्यात जड आक्षेप, तो मी मुद्दाम मागं ठेवला होता. तो त्या वाड्याच्या मालकाचा आहे, आणि तो त्यानं मला तोंडावर ऐकवला. "तुम्ही रविवारी येता, तासभर बसता, दार किती छान म्हणता आणि फ्लॅटवर जाता. मला रात्री पाऊस वाढला की पोरांना उचलून माजघरात न्यावं लागतं." त्याच्या घरात चार भावांची नावं उताऱ्यावर, दोन भाडेकरू चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यावर, तुळयांना वाळवी, आणि सागवानाचा भाव विचारायची सोय नाही. त्याच्या दृष्टीनं वारसा म्हणजे दुसऱ्यानं कौतुक करायचं आणि ह्यानं कौलं बदलायची. यावर माझ्याकडे उलट उत्तर नाही. वाडा पाडायचा निर्णय त्यानं घेतला तर मी आडवा पडणार नाही, आणि पडणाऱ्यांनी आधी त्याच्या माजघरात एक आषाढ काढावा असं मला वाटतं. घर राखायला सांगणाऱ्यानं दुरुस्तीला पैसा कुठून यायचा तेही सांगावं, नाहीतर गप्प बसावं.

पण हाच आक्षेप रेखाटण्याच्या विरोधात कसा जातो, हे मला कळत नाही. मी त्याच्याकडे परवानगी मागितली नाही, स्थगिती आणली नाही, फलक लावला नाही. कागदावरच्या खिडकीनं त्याची एक वीटही अडवली नाही. उलट झालं असं की पाडकाम ठरल्यावर जुनं लाकूड घेणारा आला आणि सगळा माल एकगठ्ठा घनफुटावर मागू लागला. तेव्हा त्याच मालकानं माझी वही मागवून घेतली. कोरीव हात किती, चौकटी किती, कुठली शाबूत, कुठलीला वाळवी हे त्यात पानापानावर होतं. नक्षीची चौकट आणि साधा वासा एकाच भावानं जायच्या बेतात होते, ते वेगळे झाले. घर वाचलं नाही, पण सौदा जरा बरा झाला. चित्रं सुचतात म्हणून ज्यांनी टोमणा मारला होता, त्यांच्या सौद्यात चित्रं कामाला आली, असं म्हणायचा मोह होतो. पण टोमणा मालकानं मारलेला नव्हता, तेव्हा राहू दे.

दुसरीकडून येणारा एक आक्षेपही तितकाच टोकदार आहे. वाड्यांची नक्षी कुरवाळता, तो वाडा कुणाचा होता? त्या उंबरठ्याच्या आत कुणाला घेत होते? ज्या शहरात १९०२ साली पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम निघाला, तिथं सरंजामी दरवाज्याच्या कड्यांचं प्रेम कशाला? प्रश्न रास्त आहे. दर रविवारी नक्षीदार दारंच काढत बसलो तर तो आम्हाला लागूही पडतो. पण नीट काढायला बसलेला माणूस पुढच्या दारावर थांबत नाही, तो परड्याकडं वळतो. तिथं दुसरं दार असतं: ठेंगणं, बिननक्षीचं, पायरीचा दगड ओबडधोबड. पाणी कुठून आत येत होतं, मैला कुठून बाहेर जात होता, कोण अंगणात थांबत होतं हे त्या घराच्या दगडामातीत लिहिलेलं आहे, आणि ते पुसायचा सोपा उपाय म्हणजे सगळं सरसकट 'आपला वारसा' म्हणून पूजणं किंवा सगळं सरसकट पाडणं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराजांनी चहा घेतल्याची गोष्ट गावाला तोंडपाठ आहे. त्या दुकानाची पायरी, बाकडं, कपाट कुणाच्या डोळ्यांपुढं उभं राहतं? राजवाड्याची कमान राहते. पुस्तकांत नाव मँटसाहेबाचं येतं, आणि त्याचा नकाशा दगडात उतरवणाऱ्या इथल्या पाथरवटाची सही त्याच्या छिन्नीच्या खुणेत तेवढी उरते. मग ती खूण बघणं सरंजामी कसं? आमच्या वह्यांत तालमीची आखाड्याकडची खिडकी हवी, शाहूपुरीतल्या गुळाच्या गोदामाचं लोखंडी दार हवं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा दातेरी पत्रा हवा, बोर्डिंगच्या खोलीतली सामानाची फळी हवी. आजवर आम्ही हे पुरेसं काढलेलं नाही, हा दोष मी पत्करतो.

मग करायचं काय? पूर्वी मला वाटायचं, सक्ती करावी: जुनं घर पाडायच्या अर्जाला त्याच्या रेखाटनांचा एक संच जोडलाच पाहिजे. आता वाटत नाही. आपल्याकडे अर्जाला आणखी एक कागद म्हणजे ऑफिसला आणखी चार खेटे, आणि त्या कागदाचे दर ठरलेला कुणीतरी बाहेर टेबल टाकून बसणार. त्यापेक्षा जे आधीपासून चालू आहे तिकडं बघावं. दरवर्षी राज्यातली हजारो पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसतात. दहावीला त्याचे जादा गुण मिळतात म्हणून तर जास्तच. तयारीत काय काढतात? घागर, तिच्यावर टाकलेली ओढणी, शेजारी दोन वांगी. शाळेत जाता-येता जे दार रोज लागतं ते एकदाही नाही. वस्तुचित्राच्या सरावात महिन्यातून एक तास वर्गाऐवजी गल्लीत घेतला तर शिक्षण खात्याचा काय तोटा होईल? तालमी आणि तरुण मंडळं गणपतीत केदारनाथपासून अयोध्येपर्यंत हुबेहूब देखावे उभे करतात. ते कारागीर, तो उत्साह, ती वर्गणी आहेच. एका वर्षी एखाद्या मंडळानं आपल्याच गल्लीची पन्नास वर्षांपूर्वीची एक बाजू उभी करून दाखवावी. करायला बसतील तेव्हा कळेल की मापं कुणाकडेच नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन विचारावं लागेल.

वाडा दिवाळीनंतर गेला. आजी धाकट्या लेकाकडे उपनगरात राहायला गेल्या. महिन्याभरानं जुनी दारं-खिडक्या विकणाऱ्या एका वखारीत मी उगाच चक्कर मारली. पत्र्याखाली पंचवीस-तीस चौकटी एकीला एक टेकवून ठेवल्या होत्या, सगळ्यांवर सारखीच धूळ. कुठल्या गावची कुठली ते मालकालाही सांगता येत नव्हतं. मी एकेकीचे गज मोजत गेलो. सातवी की आठवी असेल. डावीकडे नऊ, उजवीकडे आठ, वर-खाली दोन फिक्या गुट्ट्या. भाव विचारला. त्यानं अडीच हजार सांगितले, मग वाकून खिडकीकडे बघितलं, बोटानं गज मोजले आणि म्हणाला, "एक गज कमी हाय सायेब. त्येचं दोनशे वजा करा."